गाण्याची वहिवाट आणि श्रद्धांजलीची मालकी

बिल मॉरिसी या अमेरिकन गायक-गीतकाराचा 'साँग्ज ऑफ मिसिसिपी जॉन हर्ट' हा गीतसंग्रह १९९९ साली फिलो या कंपनीने प्रसिद्ध केला. या नावात वादग्रस्त वाटावे असे वरवर पाहता काहीच नाही. एका गायकाने आपल्याला प्रिय असलेल्या, तेहतीस वर्षांपूर्वी निवर्तलेल्या दुसऱ्या गायकाची गाणी म्हटली आणि ती कोणाची हे मुखपृष्ठावर प्रामाणिकपणे सांगितले, एवढाच त्याचा अर्थ सर्वसाधारण श्रोता करील. पण हे नाव मराठीत आणताना 'मिसिसिपी जॉन हर्टची गाणी' असे म्हणावे लागते आणि त्या 'ची'पाशी थांबणे भाग पडते. षष्ठीने दाखविलेला संबंध एकच नसतो. बापाचा मुलगा, सावकाराचे शेत, गावची वाट या तिन्ही ठिकाणी प्रत्यय तोच. परंतु पहिला संबंध जन्यजनकाचा, दुसरा स्वस्वामीचा आणि तिसरा केवळ वहिवाटीचा. हर्टची गाणी म्हणजे हर्टने जन्माला घातलेली, हर्टच्या मालकीची, की हर्ट ज्यांवरून आयुष्यभर येजा करीत राहिला ती? संग्रहाचे नाव याविषयी मौन पाळते. श्रद्धांजलीच्या गीतसंग्रहाचा जो प्रकार विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला, त्याने मात्र या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकलेले असते, आणि ते चुकीचे आहे.

अशा संग्रहांविषयी जे लिहिले जाते ते ढोबळमानाने दोन छावण्यांतून येते. पहिली छावणी श्रद्धेची. तिचा प्रश्न एकच : नव्या गायकाने मूळ गायकाशी इमान राखले की नाही? उजव्या हाताच्या अंगठ्याने खर्जाच्या तारांवर धरलेला एकसारखा ठोका आणि त्याच वेळी उरलेल्या बोटांनी वरच्या तारांवर काढलेली, त्या ठोक्याला हुलकावणी देणारी चाल ही हर्टच्या गिटारवादनाची ओळख. ती साधली तर संग्रह 'अस्सल', न साधली तर 'मनापासून केलेला, पण उणा'. दुसरी छावणी आरोपाची. काळ्या गायकाची मिळकत गोऱ्या गायकाने उचलावी ही अमेरिकेतली जुनीच रीत असून श्रद्धांजली हे त्या लुटीचे सभ्य नाव आहे, असे ती मानते. या दोन्ही छावण्या एकमेकींना पाण्यात पाहतात. तथापि इमान राखायचे ते कशाशी आणि लूट झाली ती कशाची, असे विचारले की दोघींकडून उत्तर एकच येते : हर्ट नावाच्या एका कर्त्याची, त्याच्या एकट्याच्या अंतःकरणातून उमटलेली, स्वयंपूर्ण निर्मिती. पूजा करणारा आणि फिर्याद करणारा दोघेही एकाच सातबाऱ्यावर बोट ठेवतात. तो उतारा खरा आहे काय, हे तपासण्याची तसदी दोघांपैकी कोणी घेत नाही.

हर्टचा जन्म १८९२-९३ च्या सुमाराचा, मिसिसिपी राज्याच्या कॅरल काउंटीतला. त्याचे जवळजवळ सर्व आयुष्य तेथल्याच ॲव्हलॉन या लहानशा वस्तीत गेले. दुसऱ्याची जमीन बटाईने कसणे, गुरे राखणे, काही काळ रेल्वेच्या कामावर मजुरी करणे हा त्याचा चरितार्थ होता. गिटार तो लहानपणी आपला आपणच शिकला आणि आसपासच्या नाचांना, मेजवान्यांना वाजवू लागला. १९२८ साली ओके कंपनीच्या टॉमी रॉकवेलने त्याचे गाणे ध्वनिमुद्रित केले. फेब्रुवारीत मेम्फिस येथे आणि डिसेंबरात न्यूयॉर्क येथे. त्यांतली तेरा गाणी आज ऐकावयास मिळतात. तबकड्यांचा खप बेताचाच झाला. पुढे मंदी आली आणि कंपनीने त्याला पुन्हा बोलावले नाही. १९६३ साली टॉम हॉस्किन्स हा तरुण संग्राहक त्याच्याच एका गाण्यातल्या गावाच्या नावावरून माग काढीत ॲव्हलॉनला पोचेपर्यंत हर्ट शेतावरच राबत होता. त्यानंतरची उणीपुरी तीन वर्षे न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात, विद्यापीठांत, कॉफीगृहांत गायन. काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी आणि व्हॅनगार्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रणे. आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये मृत्यू.

हे चरित्र आता पाठ झालेले आहे. त्याच्या गाण्यांचे चरित्र मात्र फारसे कोणी सांगत नाही. 'फ्रँकी' हे त्याचे पहिल्या तबकडीवरचे गाणे. ते ज्या हकिकतीवर उभे आहे ती १८९९ साली सेंट लुइस येथे घडली : फ्रँकी बेकर नावाच्या तरुणीने आपल्या प्रियकरावर गोळी झाडली, आणि त्यावरचे गाणे तेव्हापासून शेकडो तोंडांतून फिरत राहिले. 'स्टॅक ओली'चा मूळ खून त्याच शहरातला, १८९५ च्या नाताळातला. 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज' जॉन हेन्री या पोलादी हातोड्याच्या मजुराच्या दंतकथेतून निघालेले आहे, आणि हर्टने ते रेल्वेच्या कामावर असताना एका सहकाऱ्याकडून उचलले. 'माय क्रिओल बेल' हे तर १९०० सालच्या, पियानोवर वाजवावयाच्या छापील बाजारगीताचे उरलेले अवशेष. 'शेक दॅट थिंग' पापा चार्ली जॅक्सनच्या १९२५ च्या तबकडीवरून सर्वतोमुखी झालेले. याशिवाय चर्चमधली भजने आहेतच. आणि सर्वांत मौजेची हकिकत 'रिचलंड वुमन ब्लूज'ची. त्याचे शब्द विल्यम मायर या व्हर्जिनियातील रिचलंड्स गावच्या गोऱ्या व्यापाऱ्याने लिहून हर्टकडे पाठविले होते. त्याच मायरने पाठविलेल्या दुसऱ्या एका कवनासाठी चाल घ्यावयाची होती ती जिमी रॉजर्स या गोऱ्या गायकाच्या गाजलेल्या गाण्याची. म्हणजे मिसिसिपीच्या मातीतला आदिम उद्गार म्हणून जे कौतुकाने ऐकले जाते त्यातला काही भाग टपालाने आलेला आहे!

यावरून हर्टला स्वतःचे काही नव्हते असा अर्थ कोणी काढील तर तो उतावळेपणा होईल. 'लुइस कॉलिन्स' हे त्याने परिसरातल्या एका खुनाविषयी लोक बोलत होते ते ऐकून स्वतः बांधलेले गाणे आहे. 'ॲव्हलॉन ब्लूज'मध्ये न्यूयॉर्कात अडकलेल्या माणसाला लागलेली गावाची ओढ आहे. आणि 'फ्रँकी'सारखे सार्वजनिक गाणेही त्याच्या हाती आले की निराळे होते : खुनाची हकिकत तो आवाज न चढविता, अंगणात बसून शेजाऱ्याला सांगावी तशी सांगतो; एखादी ओळ अर्ध्यावर सोडतो आणि उरलेले शब्द गिटारीला पुरे करू देतो. त्याचे म्हणून जे आहे ते असे आहे. ते गाण्यात आहे, गाणे त्याचे आहे म्हणून नव्हे. अशा गायकाला अमेरिकेच्या दक्षिणेत 'साँगस्टर' म्हणत. पोवाडेवजा हकिकती, नाचाच्या चाली, भजने, बाजारगीते जे काही लोकांना हवे ते पुरविणारा हा गावचा गाणारा होता. बारा मात्रासमूहांचा, पहिली ओळ दोनदा म्हणून तिसरीने उत्तर देणारा ब्लूजचा जो पाठ्यपुस्तकी साचा, तो हर्टच्या गाण्यांत तुलनेने थोडाच सापडतो.

मग त्याला आरंभीच्या 'ब्लूज' गायकांत कोणी बसविले? याचे उत्तर सौंदर्यशास्त्रात नसून तबकडीविक्रीच्या यादीत आहे. ओके कंपनी काळ्या ग्राहकांसाठी एक यादी काढी आणि गोऱ्या ग्रामीण ग्राहकांसाठी दुसरी. हर्टचे नाव रॉकवेलला सुचविले ते विली नार्मर या गोऱ्या फिडलवादकाने. नार्मर त्याच कॅरल काउंटीतला, आणि त्याच्या साथीला हर्ट स्वतः नाचांत वाजवीत असे. पुढे नार्मर आणि त्याचा जोडीदार शेल स्मिथ यांची 'कॅरल काउंटी ब्लूज' ही तबकडी १९२९ साली निघाली ती 'जुन्या चाली'च्या यादीत. हर्टच्या तबकड्या निघाल्या 'रेस' यादीत. एकाच वाटेवरची दोन घरे, एकाच नाचातले दोन वादक. कंपनीच्या कारकुनाने मध्ये रेघ मारली. हर्टच्या नावामागे 'मिसिसिपी' लागले तेही कंपनीच्याच दुकानदारीने. ही रेघ किती कृत्रिम होती याचा पुरावा पुढे आपसूक मिळाला. १९५२ साली हॅरी स्मिथने फोकवेज कंपनीसाठी जुन्या चौऱ्याऐंशी तबकड्यांचा अमेरिकन लोकसंगीताचा संकलनग्रंथच सिद्ध केला आणि गायक काळा की गोरा हे टिपणांत हेतुपुरस्सर सांगितले नाही. त्यात हर्टची दोन गाणी होती. ती ऐकून हा कोणी डोंगराळ मुलखातला गोरा गायक असावा अशी समजूत पुष्कळांनी करून घेतली होती आणि ती बरीच वर्षे टिकली. पुढे त्याला 'प्रारंभिक ब्लूजचा अस्सल प्रतिनिधी' म्हणून मखरात बसविणाऱ्या अभिरुचीला हा इतिहास अडचणीचा वाटतो. म्हणून तो सहसा सांगितला जात नाही.

श्रद्धेच्या छावणीचा आणखी एक आवडता शब्द आहे : मवाळपणा. हर्ट मवाळ होता, त्याचे हसू निर्मळ होते, त्याच्या गाण्यात कडवटपणाचा लवलेश नव्हता, असे १९६३ पासून अखंड सांगितले जात आहे. टॉम पॅक्स्टनने त्याच्यावर रचलेले आणि १९७७ च्या संग्रहात घेतलेले गाणेही याच भक्तिभावाचे. हर्ट कटू नव्हता हे खरे असेल. त्याला पाहिलेल्या अनेकांची साक्ष तशी आहे. परंतु मवाळपणा हा स्वभावगुण म्हणून सांगताना तो कोठे आणि कोणासमोर दाखविला जात होता हे का वगळावे? कॅरल काउंटीचे मुख्य ठाणे कॅरल्टन येथे मार्च १८८६ मध्ये गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने न्यायालयात घुसून वीसच्या आसपास काळ्या माणसांना ठार केले आणि कोणालाही शिक्षा झाली नाही. हर्ट त्यानंतर सहा-सात वर्षांनी जन्मला. १९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाचे अपहरण ज्या मनी गावातून झाले ते शेजारच्या लेफ्लोर काउंटीतले. हॉस्किन्स ॲव्हलॉनला गेला त्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, मेडगर एव्हर्सची जॅक्सन येथे त्याच्या घराच्या दारात हत्या झाली. त्या वर्षीच्या मिसिसिपीत अनोळखी गोरा तरुण दाराशी उभा राहून 'तूच का तो?' असे विचारू लागल्यावर हर्टला तो पोलीस खात्याचा, सरकारी तपासाचा माणूस वाटला. ही हकिकत विनोद म्हणून सांगितली जाते. सत्तरी गाठलेल्या काळ्या बटाईदाराने परक्या गोऱ्या माणसाला पाहून आपल्या हातून काय गुन्हा घडला असावा याचा विचार करू लागावे, यात हसण्यासारखे नेमके काय आहे?

मवाळ कंठ हा कदाचित हर्टच्या कलेचा सर्वांत घोटीव भाग असावा. खुनाचे गाणे अशा आवाजात म्हणायचे की ते गोऱ्यांच्या नाचातही चालावे आणि काळ्यांच्या ओसरीवरही, हे साधे कसब नव्हे. एकदा याला 'स्वभाव' म्हटले की त्यातले कसब दिसेनासे होते आणि श्रोत्यालाही निश्चिंत होता येते. महिपतीच्या संतचरित्रांत शोभणारी ही वृत्ती आधुनिक समीक्षेत शिरते तेव्हा तिचा वास लागला पाहिजे. भक्तविजय हा निदान भक्तविजय म्हणूनच लिहिलेला असतो.

आता मॉरिसीकडे वळता येईल. बिल मॉरिसी (१९५१-२०११) हा न्यू इंग्लंडमधला गायक. ओसाड पडलेल्या गिरण्यांची गावे, दारूच्या गुत्त्यांतली एकटी माणसे, थंडीत न सुरू होणाऱ्या गाड्या हे त्याच्या गीतांचे विश्व. 'एडसन' (१९९६) ही त्याची कादंबरीही त्याच विश्वातली. शब्दांच्या काटकसरीविषयी तो विशेष जागरूक होता. हर्टकडे तो वळला ते या काटकसरीमुळेच, असे त्याची गाणी शेजारी ठेवून ऐकताना वाटते. आणि हेही न्यायाने म्हटले पाहिजे की, त्याने हर्टच्या बोटांची नक्कल करण्याचा हट्ट धरलेला नाही. स्वतःच्या घोगऱ्या, अर्धवट बोलल्यासारख्या आवाजात तो ही गाणी म्हणतो. हर्टसारखे दक्षिणी उच्चार ओढूनताणून काढीत नाही. निष्ठेच्या निकषावर मोजणारे याला उणेपणा म्हणतील. वास्तविक संग्रहातला सर्वांत प्रामाणिक भाग तोच आहे. हर्टने ज्या रीतीने 'फ्रँकी' घेतले त्याच रीतीने मॉरिसी 'पे डे' घेतो : मिळाले तसे घ्यावे आणि आपल्या तोंडात बसेल असे म्हणावे.

मग आक्षेप कशाला? आक्षेप गाण्याला नाही, चौकटीला आहे. गायक-गीतकार हा साठच्या दशकाने घडविलेला वाङ्मयीन प्रकार आहे, केवळ सांगीतिक नव्हे. आपणच लिहावे, आपणच गावे आणि जे गावे ते आपल्या अनुभवाचे, आपल्या सहीचे असावे, ही त्याची प्रतिज्ञा. रोमँटिक कवीची कल्पना मुद्रणाच्या जगातून निघून गिटार घेऊन रंगमंचावर आली ती या रूपाने. या प्रकारातला कलावंत पूर्वसूरीला वंदन करतो तेव्हा तो आपली वंशावळ लिहीत असतो, आणि वंशावळीत पूर्वज आपल्याच जातकुळीचा निघावा लागतो. म्हणून गावचा गाणारा हर्ट मागे पडतो आणि आद्य गायक-गीतकार हर्ट पुढे येतो. रोरी ब्लॉकने २०१३ साली 'ॲव्हलॉन' हा हर्टला वाहिलेला संग्रह काढला. त्याचा आरंभ हर्टच्या गाण्याने नव्हे तर हर्टविषयी तिने स्वतः रचलेल्या गाण्याने होतो. त्यात गैर काही नाही. परंतु श्रद्धांजलीच्या दारावर सही कोणाची असते हे तेथे स्पष्ट दिसते. वाहणाऱ्याची सही खरी ठरावी म्हणून ज्याला वाहिले त्याच्याही नावे एक सही तयार करावी लागते. 'साँग्ज ऑफ' या दोन शब्दांनी तेच काम केले आहे.

येथे एक सोयीस्कर पळवाट समोर येते. बार्थने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, फुकोने १९६९ च्या व्याख्यानात 'लेखक' हे व्यक्तीचे नव्हे तर संहितांच्या व्यवहारातल्या एका कार्याचे नाव आहे असे दाखविले आणि अखेरीस बोलणारा कोण याने काय बिघडते, अशा उदासीनतेची शक्यता सुचविली. या विचाराचा आधार घेऊन कोणी म्हणेल की, हर्ट नाही, मॉरिसीही नाही. गाणी स्वतःच स्वतःला गातात, संहिता संहितांतून विणली जाते, तेव्हा मालकीचा प्रश्नच गैरलागू. सिद्धान्ताच्या वर्गात हे देखणे दिसते. ध्वनिमुद्रणाच्या कचेरीत मात्र ते निराळे दिसेल. तेथे 'कर्ता : पारंपरिक' अशी नोंद झाली की कर्त्याचा हिस्सा देण्याचे कारण उरत नाही, आणि तोच हिस्सा 'संस्कारित रूप अमुक यांचे' असे लिहून दुसऱ्याच्या नावे वळविताही येतो. हा खेळ तबकडी-व्यवसायाने फुकोची वाट न पाहता कित्येक दशके खेळला आहे. मराठी लोकगीतांच्या कॅसेटवर 'गीत : पारंपरिक' हे दोन शब्द ज्यांनी वाचले आहेत त्यांना तो परका वाटू नये. हर्टच्या हयातीतल्या शेवटच्या तीन वर्षांतील ध्वनिमुद्रणांवरून त्याचा शोध लावणाऱ्यांची संस्था आणि व्हॅनगार्ड कंपनी यांच्यात न्यायालयापर्यंत भांडण गेले. बोलणारा कोण याने काय बिघडते हे तेथे जमलेल्या कोणाही वकिलाने सांगितले नसेल. ज्याच्या नावावर जमिनीचा तुकडा कधी चढला नाही त्याला 'कर्ता मृत आहे' हे ऐकविणे म्हणजे सिद्धान्ताचे कंपनीशी लागलेले लग्न होय. लेखकाला मारण्याची चैन ज्यांचे लेखकत्व कायद्याने आधीच सुरक्षित झालेले असते त्यांनाच परवडते.

तेव्हा मालक हर्टही खोटा आणि निनावी परंपराही खोटी. ज्या संकल्पनेच्या अभावी ही चर्चा पुनःपुन्हा याच दोन खड्ड्यांत पडते ती इंग्रजी समीक्षेजवळ तयार नाही; मराठी महसुली भाषेत मात्र ती आहे. ती म्हणजे वहिवाट. जमीन कोणाच्या नावे आहे आणि ती कोण वहिवाटतो हे दोन निराळे प्रश्न आहेत हे या भाषेला कित्येक पिढ्या ठाऊक आहे. वहिवाट श्रमाने आणि सातत्याने सिद्ध होते, कागदाने नव्हे. ती खरी असते, तिला साक्षीदार असतात, ती मोडली तर दाद मागता येते. परंतु वहिवाटीचा रस्ता एकाने वापरला म्हणून दुसऱ्याला बंद होत नाही. उलट जितके जास्त पाय पडतील तितका तो पक्का होतो. हर्टने 'फ्रँकी' वहिवाटले, 'स्टॅक ओली' वहिवाटले, मायरचे टपालाने आलेले शब्द वहिवाटले. 'लुइस कॉलिन्स'ची पायवाट त्याने स्वतः पाडली. पण तीही पडली ती लोकांच्या बोलण्यातून. जो माणूस दिवसा बटाईने शेत कसत होता तो संध्याकाळी गाण्याशी याच नात्याने वागत होता, हा योगायोग नसावा.

या संकल्पनेवर एक आक्षेप सरळ येतो. कूळकायद्याच्या काळातली 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा गाण्याला लावली तर 'गाईल त्याचे गाणे' असे होईल आणि मग मॉरिसीच काय, कोणीही गाऊन मोकळा होईल. आरोपाच्या छावणीचे म्हणणे यात कोठे राहिले? ते राहते. घोषणेचा रोख कसणाऱ्यापेक्षा खंड घेणाऱ्यावर होता. प्रश्न मॉरिसीने 'पे डे' म्हणण्याचा नाही. ते म्हणण्याला कोणाची परवानगी लागू नये. प्रश्न खंड कोठे जातो याचा आहे, आणि तो गायकाच्या वर्णाकडे पाहून सुटत नाही. करारांकडे पाहून सुटतो. आरोपाची छावणी गायकाकडे बोट दाखविते तेव्हा ती कंपनीवरचे लक्ष उडवीत असते. नार्मरचा फिडल आणि हर्टची गिटार यांच्यामध्ये ज्याने रेघ मारली त्याचीच ती नकळत वकिली करते. या नात्याने काळ्याने काळ्याचे आणि गोऱ्याने गोऱ्याचे गावे असा जो निष्कर्ष तिच्यातून निघतो तो ओके कंपनीच्या १९२८ च्या यादीपेक्षा काय वेगळा आहे?

मराठी अभ्यासकाला यातले बरेचसे अपरिचित वाटू नये. नामदेवाच्या गाथेत 'नामा म्हणे' ही मुद्रा किती नाम्यांची, यावर केवढा खल झाला आहे! त्या खलाची दिशा बहुधा शुद्ध नामदेव वेगळा काढण्याची असते. मुद्रा ही सही नसून वाटेवरची खूण असू शकेल, पुढच्याने तीच पुढे चालविणे हाच तिचा वापर असू शकेल, हा विचार अलीकडचा. अरुण कोलटकरांना ब्लूजची ओढ होती, त्यांनी सत्तरच्या दशकात इंग्रजी गाणी रचून ध्वनिमुद्रितही केली होती, आणि तुकारामाला इंग्रजीत आणताना त्यांनी अमेरिकन बोलीचा बेधडक लहेजा पत्करला. ही नुसती लहर म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. तुकाराम वहिवाटण्याचाच तो एक मार्ग होता आणि त्याला श्रद्धांजली असे नाव कोणी दिलेले नाही, हे बरेच झाले. उलट दलित पँथरच्या स्थापनेपासून (१९७२) अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्याविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले त्यात ब्लूज हा शब्द वेदनेच्या हुंकाराचा पर्याय म्हणूनच बहुधा येत राहिला. हर्टच्या मवाळ आवाजातले खुनाचे गाणे, त्याचे नाचाचे ठेके, त्याची हलकीफुलकी बाजारगीते या हुंकारात कोठे बसवावयाची? दुःखाचा एकसुरी मक्ता एखाद्या समाजाला देऊन टाकणे हेही शेवटी एक प्रकारचे यादीकरणच आहे.

मॉरिसीच्या संग्रहानंतर दोन वर्षांनी, २००१ साली, व्हॅनगार्ड कंपनीने 'ॲव्हलॉन ब्लूज' हा हर्टला वाहिलेला सामुदायिक संग्रह काढला. पीटर केस त्याचा निर्माता. ताज महाल, स्टीव्ह अर्ल, गिलियन वेल्च, बेक, ब्रूस कॉकबर्न अशी मोठमोठी नावे त्यात आहेत. मॉरिसीचे 'पे डे' त्यातही आहे. 'माय क्रिओल बेल' आहे, 'स्टॅगोली' आहे. सेंट लुइसची फ्रँकी आहे. मायरचे नाव त्या संग्रहाच्या दारावर शोधण्यात अर्थ नाही, नार्मरचेही. ल्युसिंडा विल्यम्सने निवडलेले गाणे 'एंजल्स लेड हिम अवे' या शीर्षकाखाली छापले आहे. हे शीर्षक पालुपदातून उचललेले आहे. १९२८ साली न्यूयॉर्कात ध्वनिमुद्रित झाले तेव्हा त्याच गाण्याच्या तबकडीवर 'लुइस कॉलिन्स' असे छापलेले होते. ॲव्हलॉनच्या परिसरात मारल्या गेलेल्या, ज्याच्याविषयी लोक बोलत होते म्हणून हर्टने गाणे बांधले, त्या माणसाचे नाव आता आतल्या ओळींत राहिले आहे. वेष्टनावर आहे ते हर्टचे.